कणगी रिकामी, तरी कोपरा भरलेला

एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

संगणकावर ‘डिस्क भरली आहे’ अशी सूचना आली की बहुतेक माणसे एकच गोष्ट करतात. डोळ्यांसमोर जे मोठे दिसेल ते पुसून टाकतात. मोबाइल फोनवर आपण सगळेच हे करतो आणि तिथे ते खपूनही जाते. पण जिथे अडीच लाखांवर फोटो साठवलेले आहेत आणि त्यांची नावनिशीवार सूची ठेवलेली आहे, तिथे ही सवय फार महाग पडते. तिथे जागा कशी सांभाळावी, आणि मुळात ती जाते कुठे, हे सांगण्यासाठी हा लेख.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने असा विषय घ्यावा याचे काहींना नवल वाटेल. मी कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी तालुक्याच्या गावातल्या एका फोटो स्टुडिओत काम करते. माझी फी आणि पुस्तके त्यातून निघतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे ‘तू तिथे नेमके करतेस काय?’ हा प्रश्न घरी आजीपासून धाकट्या भावापर्यंत सर्वांनी विचारून झाला आहे. आजीला समजावता समजावता मलाच हा विषय जास्त कळत गेला, हे मात्र खरे.

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. फोटो ही एक वस्तू आणि फोटोंची सूची ही दुसरी. आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तके कपाटात असतात आणि कोणते पुस्तक कोणत्या कपाटात, कोणाचे, कोणत्या विषयाचे, हे नोंदींत असते. नोंदी जळाल्या तरी पुस्तके राहतात. पण मग हवे ते पुस्तक सापडत नाही. स्टुडिओतही तसेच आहे. फोटो मोठ्या हार्ड डिस्कवर फोल्डरांमध्ये असतात, आणि तारीख, गाव, घराणे, माणसांची नावे ही माहिती वेगळ्या डेटाबेसमध्ये असते.

आमच्याकडे सूचीसाठी ‘डिजिकॅम’ हा प्रोग्राम आहे. तो फुकट मिळतो, हे तो स्टुडिओत असण्याचे पहिले कारण. २००१ साली रेंची राजू यांनी तो सुरू केला आणि पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवला. आपली माहिती तो ‘एसक्यूलाइट’ या डेटाबेसमध्ये ठेवतो. एसक्यूलाइट हा रिचर्ड हिप यांनी २००० साली तयार केला. आपल्यापैकी ज्यांच्या खिशात फोन आहे त्या प्रत्येकाच्या खिशात तो आहे, कारण अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही तोच वापरतात. त्याची गंमत अशी की एक डेटाबेस म्हणजे एक साधी फाइल. उचलली आणि दुसरीकडे ठेवली की झाले.

डिजिकॅमच्या अशा चार फाइली असतात. पहिली मुख्य सूची. कोणता फोटो कुठे आहे, त्याला कोणती नावे दिली, किती तारे दिले, हे सारे तिच्यात. दुसरीत प्रत्येक फोटोचे छोटे चित्र, ज्याला थंबनेल म्हणतात. पडद्यावर शेकडो फोटो झरझर दिसतात ते या छोट्या चित्रांमुळे. प्रत्येक वेळी मूळ फोटो उघडायचा म्हटले तर सकाळची दुपार होईल. तिसऱ्या फाइलीत प्रत्येक फोटोच्या रूपाचा एक ठसा असतो, सारखे दिसणारे फोटो शोधण्यासाठी. चौथीत चेहरे ओळखण्याचे सामान.

आता आकार पाहा. आमच्या सुमारे दोन लाख साठ हजार फोटोंची मुख्य सूची पाऊण जीबी आहे. थंबनेलची फाइल अकरा जीबी. एका छोट्या चित्राला सरासरी चाळीस केबी धरले तरी गुणाकार तिथेच पोहोचतो. उरलेल्या दोन्ही मिळून पाऊण जीबीच्या आसपास. म्हणजे सूचीच्या साडेबारा जीबींपैकी अकरा जीबी अशा गोष्टीने व्यापले आहेत, जी संगणक मूळ फोटोंवरून एक-दोन रात्रींत पुन्हा तयार करू शकतो. आणि जी नावे कुणीतरी बसून, माणसे ओळखून, टाइप केली आहेत ती पाऊण जीबीत मावली आहेत. ती पुन्हा तयार करणारे यंत्र नाही. ज्यांना ती माणसे ओळखू येत होती त्यांतले काही जण आता हयातही नाहीत.

एवढे कळले की निम्मे काम झाले. मी प्रत्येक फाइलीला एकच प्रश्न विचारते: ही गेली तर परत कोण करून देईल? संगणक करून देणार असेल तर ती जाऊ द्यावी. माणूस करणार असेल तर दहा वेळा विचार करावा. आणि कुणीच करू शकत नसेल तर तिला हात लावू नये.

आमच्या स्टुडिओत जागा संपली ती फोटोंच्या मोठ्या डिस्कवर नव्हे, तर विंडोज आणि सूची जिथे आहे त्या लहान वेगवान डिस्कवर. ती २४० जीबीची आहे. सूची वेगवान डिस्कवर ठेवायची हे योग्यच, कारण तिच्यात सतत वाचणे-लिहिणे चालते. पण ‘सी ड्राइव्ह’ची पट्टी लाल झाली आणि फोटोला नाव देताना ‘डेटाबेस किंवा डिस्क भरली आहे’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी येऊ लागली. ही पाटी गंभीर असते. ती आली म्हणजे टाइप केलेले नाव लिहिले गेलेले नसते. पाटी बंद करून पुढे काम करत राहिले तर ते सारे काम पाण्यात.

मालकांना, म्हणजे काकांना, मी शोध घेऊ देण्याची विनंती केली. फोल्डरांचे आकार उतरत्या क्रमाने लावले तेव्हा प्रकार उघड झाला. माझ्या आधी तिथे काम करणारा मुलगा फार काळजीवाहू होता. दर शनिवारी तो सूचीच्या चारही फाइलींची प्रत काढून, वर तारीख घालून, त्याच डिस्कवर ठेवत असे. अशा नऊ प्रती होत्या. नवाला साडेबाराने गुणले तर एकशे बारा जीबींच्या वर जाते. निम्मी डिस्क जवळजवळ त्यातच गेली होती! आणि त्यातली नव्याण्णव जीबी नुसती थंबनेल, नऊ वेळा.

बॅकअप घ्यायचा तो मुख्य सूचीचा. तिच्या नऊ प्रती सात जीबींच्या आत बसतात. शिवाय त्या त्याच डिस्कवर ठेवण्यात अर्थ नाही; डिस्क बिघडली की मूळही जाते आणि प्रतही. आम्ही मुख्य सूचीच्या प्रती दोन वेगळ्या डिस्कवर हलवल्या, त्यांतली एक रोज काकांच्या घरी जाते. प्रत काढताना डिजिकॅम बंद असावा हा नियम भिंतीवर लिहून लावला आहे, कारण अर्धे वाक्य लिहिले जात असताना वहीचा फोटो काढला तर ते अर्धेच येणार.

यानंतरचा भाग मात्र मला स्वतःला फार चक्रावणारा वाटला. खराब झालेले, दोनदा उतरवलेले असे तीसेक हजार फोटो पूर्वी सूचीतून काढून टाकले होते. तरी थंबनेलची फाइल एक केबीनेही कमी झालेली नव्हती. असे का व्हावे?

एसक्यूलाइटची फाइल पानांची असते. सध्याच्या पद्धतीत एक पान बहुधा ४०९६ बाइटांचे. नोंदी या पानांवर लिहिल्या जातात. नोंद पुसली की पान फाटून बाहेर पडत नाही. ते ‘मोकळे’ म्हणून एका यादीत जाते आणि पुढची नवीन नोंद आली की त्या पानावर लिहिली जाते. तोपर्यंत फाइलीची जाडी तीच. घरी हे सांगितल्यावर आजी म्हणाली, “मग ही कणगीच की गं. जोंधळा खाऊन संपला म्हणून कणगी बारीक होते होय? कोपरा अडवून बसतेच ती.”

इतके नेमके उदाहरण मला कुठल्या पुस्तकात मिळाले नसते. आणि ते पुढेही लागू पडते. कणगी लहान करायची तर काय करावे लागेल? आतले उरलेले धान्य जमिनीवर ओतायचे, बेताची नवी कणगी आणायची, धान्य तिच्यात भरायचे, आणि मग जुनी बाहेर काढायची. एसक्यूलाइटमध्ये या कामाला ‘व्हॅक्यूम’ म्हणतात. तो उपयोगी मजकूर एका तात्पुरत्या फाइलीत नव्याने ओळीने लिहितो आणि मग मूळ फाइलीवर उतरवतो. मोकळी पाने गळून जातात. डिजिकॅममध्ये ‘मेंटेनन्स’च्या खिडकीत डेटाबेस साफ करण्याची सोय आहे, तिथेच आकार कमी करण्याचाही पर्याय असतो.

पण धान्य ओतायला आधी मोकळी जमीन हवी! व्हॅक्यूम चालू असताना मूळ फाइलीच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते. अकरा जीबीच्या फाइलीसाठी बावीस जीबी. डिस्क गच्च भरल्यावर जागा करण्यासाठी व्हॅक्यूम करायला जावे, तर व्हॅक्यूमलाच जागा नाही. शिवाय तात्पुरती फाइल बहुधा सी ड्राइव्हवरच तयार होते, सूची दुसऱ्या डिस्कवर असली तरी. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी जुन्या प्रती हलवायच्या, मगच हे काम काढायचे. ज्यांना आज्ञा टाइप करण्याची भीती वाटत नाही त्यांच्यासाठी २०१९ पासून एसक्यूलाइटमध्ये आणखी एक वाट आहे. ‘व्हॅक्यूम इन्टू’ म्हटले की दाबून बसवलेली नवी प्रत आपण सांगू त्या डिस्कवर तयार होते आणि मूळ फाइल जशीच्या तशी राहते. मला ही वाट अधिक पसंत आहे. नवी प्रत तपासून पाहता येते आणि पटली तरच जुनीच्या जागी ठेवता येते.

आता प्रश्न असा की हे किती वेळा करावे? काही जण दर आठवड्याला करतात असे ऐकते. मला ते पटत नाही. लग्नसराई तोंडावर आली असेल तर मोकळी पाने महिन्याभरात भरणारच आहेत. सुगी दारात उभी असताना कणगी लहान कोण करतो? फार मोठा भाग सूचीतून काढला आणि तितके नवीन येणार नाही अशी खात्री असेल तेव्हाच हा खटाटोप करावा.

साफसफाई करताना एक धोका मात्र टाळायलाच हवा. सूचीच्या शेजारी कधी कधी तिच्याच नावाची, शेवटी ‘जर्नल’ किंवा ‘वाल’ असे शेपूट असलेली एक फाइल दिसते. ती कचरा वाटते. ती कचरा नव्हे. चालू असलेले लिखाण मध्येच तुटले, समजा वीज गेली, तर पुढच्या वेळी डेटाबेस याच फाइलीच्या आधाराने स्वतःला सावरतो. ती पुसली तर सूची कायमची बिघडू शकते. आमच्याकडे वीज जाणे ही बातमी नसते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आणखी एक चोरकप्पा म्हणजे कचरापेटी. डिजिकॅममधून फोटो काढून टाकला की तो त्याच डिस्कवर ‘डीट्रॅश’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात जाऊन बसतो. पेटी रिकामी करेपर्यंत एक बाइटही मोकळा होत नाही. ‘एवढे पुसले तरी जागा का होत नाही?’ या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा इथेच सापडते.

इथपर्यंतचा सगळा भाग हिशेबाचा होता. सी ड्राइव्ह मोकळा झाला, पाटी यायची थांबली. पण मोठी डिस्कही भरत आलीच होती, आणि तिथे हिशेब पुरत नाही.

एका लग्नात आमच्याकडे सुमारे तीन हजार फोटो काढले जातात. कॅमेऱ्याची रॉ फाइल पंचवीस एमबीची धरली तर एक लग्न पंचाहत्तर जीबी. अल्बममध्ये त्यातले दोन-अडीचशे जातात. काकांचे म्हणणे सरळ होते: दहा वर्षांपूर्वीच्या लग्नांचे अल्बम लोक घेऊन गेले, पैसे मिळाले, आता ते फोटो कशाला सांभाळायचे? धंद्याच्या दृष्टीने ते चुकीचे म्हणता येणार नाही. डिस्क फुकट येत नाही, आणि एक घेतली की तिची प्रत ठेवायला दुसरी घ्यावी लागते.

ज्यांनी स्टुडिओत काम केलेले नाही त्यांना एक गोष्ट ठाऊक नसेल. आमच्याकडे येणारे कित्येक लोक नवा फोटो काढायला येत नाहीत, तर घरातले माणूस गेलेले असते आणि दहाव्याच्या आत हार घालायला फोटो हवा असतो. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून चेहरा येत नाही. मग विचारतात, अमक्याच्या लग्नात आमचे वडील आले होते, बघता का?

या पावसाळ्यात एक बाई अशाच आल्या. त्यांच्या यजमानांचा बरा फोटो घरात एकही नव्हता, आणि त्यांच्या घरच्या कुठल्याही लग्नाची ऑर्डर आमच्याकडे नव्हती. यजमान बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. काकांनी सूचीत त्यांचे नाव टाकले आणि वेगवेगळ्या लग्नांच्या वरातींतले अठरा फोटो निघाले. त्या आधीच्या मुलाला बँडवाले सगळे ओळखीचे, त्याने हौसेने नावे देऊन ठेवली होती. अठरापैकी एकही फोटो कुणाच्या अल्बममध्ये गेलेला नव्हता. जाणार तरी कसा? नवरदेव घोड्यावर होता, आणि हे गृहस्थ कडेला. बाईंनी त्यातला गाल फुगलेला एक निवडला. काकांनी पैसे घेतले नाहीत.

म्हणून ‘अल्बममध्ये नाही ते पुसा’ हा नियम मला मान्य होईना. ज्यांच्या लग्नाचे पैसे मिळतात त्यांचे फोटो अल्बममध्ये असतात. कडेला उभे असणाऱ्यांचे फोटो फक्त त्या डिस्कवर. सारखे फोटो शोधून काढण्यातही हीच अडचण आहे. प्रोग्राम नव्वद टक्के सारखे दोन फोटो दाखवतो, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत मागे बसलेली एखादी म्हातारी असते. तंतोतंत तेच, दोनदा उतरवलेले फोटो डोळे मिटून काढावेत. सारखे दिसणारे मात्र डोळे उघडे ठेवून.

शेवटी काकांशी बोलून मधला मार्ग निघाला. पाच वर्षांपेक्षा जुन्या लग्नांत अल्बममध्ये गेलेल्या फोटोंच्या रॉ फाइली तशाच ठेवायच्या. बाकीच्यांची चांगल्या प्रतीची, पूर्ण आकाराची जेपेग फाइल करायची आणि रॉ काढून टाकायची. पंचवीस एमबीचे सुमारे आठ होतात, म्हणजे पंचाहत्तर जीबीचे लग्न तीसच्या आत येते. यात तोटा नाही असे नाही. चौदा बिटांच्या रॉ फाइलीत प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. अंधारात काढलेला फोटो नंतर उजळायचा झाला तर हा फरक दिसतो, आणि वराती तर रात्रीच निघतात. म्हणून रूपांतर करण्यापूर्वी काळवंडलेले फोटो आधी उजळून घ्यायचे असे ठरले. काम वाढले, पण रॉ एकदा गेली की परत येत नाही.

दुसरी सोय अशी केली की २०१६ पूर्वीची लग्ने दोन बाहेरच्या डिस्कवर नेली. डिजिकॅमला ती काढ-घाल करण्याची डिस्क आहे असे सांगून ठेवता येते. मग डिस्क कपाटात असली तरी नावे आणि छोटी चित्रे सूचीत दिसत राहतात. फोटो सापडला की कोणती डिस्क काढायची तेवढे कळते. थंबनेल फेकून देण्याजोगी असतात असे वर म्हटले, त्याला हा अपवाद जोडायला हवा: मूळ फोटो कपाटात असताना ती पुसली तर डिस्क लावल्याशिवाय परत होणार नाहीत. त्यामुळे आम्ही डेटाबेसची साफसफाईही सर्व डिस्क लावलेल्या असतानाच करतो.

आणि नावे? ती नुसती सूचीत ठेवणे मला धोक्याचे वाटते. सेटिंगमध्ये सांगितले तर डिजिकॅम तीच नावे फोटोच्या फाइलीत, किंवा शेजारी ठेवलेल्या एका लहान फाइलीत, लिहून ठेवतो. यासाठी जागा नगण्य लागते. उद्या हा प्रोग्राम बदलला किंवा सूचीच बिघडली, तरी नावे फोटोबरोबर राहतील. आपल्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचे फोटो ज्यांच्या पेन ड्राइव्हवर पडून आहेत त्यांनीही हे करून पाहावे. दहा वर्षांनी तिसऱ्या रांगेत डावीकडून पाचवा कोण, हे कुणाला सांगता येणार आहे?

स्टुडिओत ‘नाकारलेले’ नावाचा एक फोल्डर अजून आहे. हललेले, डोळे मिटलेले, अर्धे कापले गेलेले असे सगळे त्यात जाते. त्याचे काय करायचे हे ठरलेले नाही. काका दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहेत. तोपर्यंत संध्याकाळी गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी एकेक वरात उघडते आणि ओळखीच्या चेहऱ्यांना नावे देते. ओळखू न येणारे काकांना विचारते, काकांनाही न आठवणारे बँडच्या मालकांना. सध्या २०१३ चा मे महिना चालू आहे.